सरलाबाईचे लाल दोरे

मला आता बमरोलीत कुणी कामावर ठेवणार नाही, तेव्हा स्पष्टच बोलते. कुणाला राग आला तर येऊ द्या. मलाही आलाय, आणि माझा तुमच्यापेक्षा जुना आहे.

मी छाया. धरणगावकडची, लग्न होऊन सुरतेत आले, नवागामात राहते. बमरोलीच्या एका खात्यात सात वर्षं पॅकिंगला होते. कापडाच्या कारखान्याला आम्ही इथे खातं म्हणतो. नवऱ्याचा हात मशीनमध्ये गेल्यापासून घरात कमावणारी मी एकटी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी काय केलं ते ऐकल्यावर तुम्ही विचारालच. कारण सांगितलं म्हणून केलेलं पुसलं जात नाही, एवढी अक्कल मला आहे.

पण सांगायचंय ते सरलाबाईचं. माझ्याच गल्लीत चार खोल्या सोडून राहते. पारोळ्याकडची, वय पंचावन्नच्या पुढे, अंगाने काटकी. नवरा शालिग्राम लूमवर होता, छातीच्या दुखण्याने गेला. मूलबाळ नाही. मी तिला मावशी म्हणते. म्हणायचे म्हणा, आता काय म्हणायचं ते मला ठरवता येत नाही.

त्या खात्यात मावशी तेवीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होती. काचेचं तिरकं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, वरून कापड सरकत येतं आणि बाई उभी राहून बघते. धागा तुटलाय का, गाठ आहे का, तेलाचा डाग, भोक, पट्टा. जिथे खोट दिसेल तिथे कापडाच्या किनारीला सुईने लाल दोरा ओवायचा आणि गाठ मारायची. पुढे कापड बेतणाऱ्याला दोरा दिसला की तो तेवढी जागा चुकवून कात्री लावतो. काम एवढंच. पण दिवसाला हजार-बाराशे मीटर करून बघा, म्हणजे कळेल मान कुठे असते आणि कंबर कुठे.

मावशी हे काम डोळ्यात तेल घालून करायची, आणि ते तेल घरी आल्यावरही उतरायचं नाही. गल्लीतल्या प्रियांकाच्या लग्नात भर मांडवात नवरीच्या आईला आमच्या अहिराणीत म्हणाली, "शालूना पदरमा धागा तुटेल शे, दुकानदारले परत दे." त्या बाईने दोन वर्षं तिच्याशी बोलणं टाकलं. मावशीला शेवटपर्यंत कळलं नाही आपलं काय चुकलं. खोट होती, दाखवली, यात रागवायचं काय, असं ती मलाच विचारायची. वर डावखुरी. लहानपणी मार खाऊनही हात बदलला नाही. त्यामुळे तिची गाठ उलटी पडायची आणि अख्ख्या खात्यात ती गाठ कुणाची हे आंधळाही सांगू शकला असता.

आता आमच्या खात्याचा धंदा ऐका. जाड पॉलिस्टर कापड. सूत एक, लूम त्याच, रंगारी तोच. त्यातला अर्धा माल जायचा जर्मनीला, तिथल्या हॉटेलातल्या वेटरांच्या ॲप्रनसाठी. अर्धा जायचा आफ्रिकेत, शाळेच्या गणवेशासाठी. जर्मनीवाल्यांचा करार कडक. शंभर मीटरला आठ दोरे चालतील, नववा दिसला की ताका परत. शिवाय प्रत्येक दोऱ्यामागे दहा सेंटीमीटर कापड जादा द्यायचं. म्हणून आठच्या वर दोरे गेले की मावशी त्या ताक्याला पिवळी चिठ्ठी लावायची आणि बाजूला काढायची. तिला वाटायचं पिवळा माल बाजारात किलोवर विकला जातो, सेकंड म्हणून, उघड उघड. तेवीस वर्षं तिला हेच वाटत होतं.

मला माहीत होतं. माझं टेबल पार्टिशनच्या मागे. पहिल्याच आठवड्यात मॅनेजर धनसुखभाई आला, माझ्या हातात लहान कात्री ठेवली आणि म्हणाला, "ए छाया, ये पीली चिठ्ठीवाला माल का लाल धागा निकाल देने का. वो लोग धागा देखता है तो खाली-पीली माथाकूट करता है." मी विचारलं, कोण लोग. म्हणाला, आफ्रिका. झालं. मी काढायला लागले.

त्यातही कसब असतं, हसू नका. नुसता कापला तर किनारीत लाल तूस राहतं. आधी नखाने गाठ सैल करायची, दोरा हळू ओढायचा, मग त्याच नखाने किनार दोन वेळा घासायची म्हणजे सुईचं भोक मिटतं. पिवळी चिठ्ठी फाडायची, पांढरी लावायची, तिच्यावर 'फर्स्ट'चा शिक्का. आणि खाली इंग्रजीत छापलेलं असायचं, तपासणारी सरला. मी सात वर्षांत किती दोरे उपटले त्याचा हिशोब देवाकडे असला तर असो, माझ्याकडे नाही.

तळपायाची आग मस्तकाला जाते ती इथे. जर्मनीतल्या वेटरच्या ॲप्रनला एक गाठ चालत नाही, आणि तिकडच्या शाळेतल्या पोरीच्या स्कर्टला भोक चालतं. त्या पोरी काय हवा नेसतात? धनसुखभाईला एकदा मी हे बोलले तर म्हणाला, "भाव जैसा माल." बरं बाबा, भाव कमी तर कमी. मग कमी मालावर फर्स्टचा शिक्का का मारतोस? सेकंड लिही आणि सेकंड वीक. पण नाही. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे.

गेल्या दिवाळीआधी शेठने त्याच्या लेहंग्याच्या शोरूमसाठी कोरियाचं सॅटिन मागवलं. म्हणजे बघा, आमचं कापड बोटीने बाहेर जातं आणि शेठच्या घरच्या बायका नेसायला बाहेरून कापड येतं. धंदा एकच, दोन्हीकडे पॉलिस्टरच. ते सॅटिन तपासायला मावशीकडे आलं. एक रोल बघायला तिने तासभर घेतला, मग माझा हात धरून ओढत टेबलाकडे नेलं. किनारीला एक पांढरा दोरा बांधलेला, त्याला बोटाच्या नखाएवढा कागद. दोऱ्यासमोर खोट काय आहे ते आम्हा दोघींना कितीतरी वेळ सापडेना. शेवटी मावशीलाच सापडली, केसाएवढी, एक धागा जरा जाड.

"हाई बांधनारी बी कोनी बाई व्हई," मावशी म्हणाली आणि लहान पोरीसारखी हसली. मग त्या दोऱ्यावरून बोट फिरवत म्हणाली, बघ, एवढा समुद्र ओलांडून आला पण कुणी तोडला नाही.

मी माझ्या टेबलावर परत गेले. तिथे पिवळ्या चिठ्ठीचे अकरा ताके पडले होते. मी ते संध्याकाळपर्यंत साफ केले.

फेब्रुवारीत दारेसलामहून रेहेमा नावाची बाई आली. उंचीपुरी, डोक्याला रुमाल, गळ्यात मोजायची टेप तशीच राहिलेली. तिकडे तिचा शिलाईचा कारखाना, चाळीस मशीनी, शाळांचे गणवेश शिवून देते. आमच्या कापडाचे स्कर्ट पहिल्या दोन-तीन धुण्यांतच जागोजाग विरले आणि शाळांनी तिच्या अंगावर परत फेकले. तिने फोन केला, फोटो पाठवले, इकडून नुसतं सॉरी-सॉरी. म्हणून ती विमानात बसली आणि आली. शेठच्या केबिनमध्ये तिने टेबलावर दोन न उघडलेले ताके ठेवले आणि फाटक्या स्कर्टचा ढीग ओतला. एवढेसे स्कर्ट, पहिली-दुसरीतल्या पोरींचे. ताक्याच्या चिठ्ठीवर बोट ठेवून तिने विचारलं, सरला कोण?

मावशीला बोलावलं. मलाही बोलावलं, पॅकिंगची म्हणून. शेठ रेहेमाशी इंग्रजीत बोलत होता आणि मधेच मावशीकडे हात करून स्वतःच्या डोळ्यांवर बोट ठेवत होता. काय चाललंय ते कळायला इंग्रजी कशाला लागतं? धनसुखभाई मावशीच्या कानाशी आला. "सरलाबेन, हाँ बोल दो. उमर हो गया, आँख कमजोर हो गया. शेठ तुमको झाडू-पोता में रख लेगा."

तपासणीवालीचे डोळे गेले अशी आवई उठली की संपलं. सुरतेतलं कुठलंच खातं तिला टेबल देत नाही. मावशीला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ती मोठ्याने म्हणाली, "मना डोया बराबर शेतस."

रेहेमाला शब्द कळला नाही, पण बाई बाईचं तोंड वाचते. तिने शेठला हाताने थांबवलं, पर्समधून सुई आणि दोरा काढला आणि मावशीच्या पुढे धरला. शिवणारी बाई दुसरं काय करणार. मावशीने डाव्या हातात दोरा घेतला आणि एका खेपेत ओवला. रेहेमाने त्याहून बारीक सुई दिली. तीही ओवली. तेव्हा रेहेमा शेठला चार शब्द असे काही बोलली की त्याचे कान लाल झाले. मला फार बरं वाटलं. मूर्खच मी.

शेठ खुर्चीत मागे टेकला. "आँख ठीक है ना? तो फिर धागा क्यूँ नहीं बाँधा?" मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लूमवालों से खाया है इसने."

आमच्या कामात याहून घाण शिवी नाही. कच्चं कापड बाहेरच्या लूमवाल्यांकडून येतं, त्यात खोट निघाली की त्यांचा भाव कापला जातो. काही तपासणारे त्यांच्याकडून पाकीट घेतात आणि डोळे मिटतात. मावशीने तेवीस वर्षांत लूमवाल्याचा चहा घेतला नव्हता. आता डोळे चांगले निघाले म्हणूनच ती चोर ठरली. मदत करायला गेली ती परकी बाई आणि फास घट्ट झाला.

"मी बांधले," मावशी म्हणाली. "या ताक्यात एकोणीस दोरे होते. पिवळी चिठ्ठी लावली होती मी."

"किधर है?"

मावशीने ताका उलगडला. किनारीवरून बोट फिरवत चार-पाच मीटर गेली. एकही दोरा नाही, भोकसुद्धा नाही. तिचं बोट थांबलं आणि तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी तिला तेवीस वर्षांचं सगळं कळलं, मी ते कळताना पाहिलं. "दोरे पॅकिंगमध्ये काढले," ती म्हणाली.

"छाया," शेठने विचारलं, "तूने निकाला?"

धनसुखभाई माझ्या शेजारी उभा होता. नुसता खाकरला.

"नाही," मी म्हटलं.

चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही अशी दिली जाते. सुळी देणाऱ्यांत मी पण होते. शेठने रेहेमाला पुढच्या मालात सूट दिली, तिने घेतली. घेणार नाही तर काय करणार, जुलैच्या आत तिला गणवेश द्यायचे होते आणि तिच्या शाळांना चांगल्या कापडाचा भाव परवडत नव्हता. धनसुखभाईची खुर्ची शाबूत, माझं काम शाबूत. मावशी तिचा डबा घेऊन पायऱ्या उतरली तेव्हा खात्यातल्या एकाही बाईने मान वर केली नाही, आणि त्या बायकांना मी नावं ठेवू शकत नाही.

पाच आठवडे ती फिरली. बमरोली झाली, पांडेसरा झालं, इच्छापोरकडे एका नव्या कारखान्यात जाऊन आली. सगळीकडे बातमी तिच्या आधी पोचलेली. खाणारी बाई नको. शेवटी घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायला लागली. दारातच बसायची, उजेडासाठी. मी तिच्या दारावरून जायचं टाळून मागच्या गटाराच्या बोळातून ये-जा करायला लागले. तिने मला शिव्या दिल्या असत्या, गल्ली गोळा केली असती, तर मी पण कंबर खोचून भांडले असते. भांडायला मी कमी नाही. पण तिने एक शब्द काढला नाही आणि त्यानेच मी जळत होते.

एका रविवारी ती स्वतः माझ्या दारात आली. आत आली नाही. पांडेसऱ्यातल्या एका खात्यात पांडुरंग मुकादम म्हणून आहे, मूळचा बीडचा. तो तिला म्हणाला होता, "बाई, नजर तुमची पारखी आहे, ते मला ठाऊक आहे. पण त्या खात्यातली पॅकिंगवाली इथं येऊन तोंडाने सांगू दे, मग टेबल देतो. नाहीतर माझ्यावर पण बोट येईल."

"येनं व्हई ते ये," मावशी मला म्हणाली, यायचं असेल तर ये एवढंच, आणि गेली.

खरं सांगू, मला तिचाच राग आला. सगळी सुरत सोडून माझ्या दारात का आली म्हणून. नवरा म्हणाला, जाऊ नकोस, धनसुखभाईला कळलं तर चूल बंद होईल. मी त्याच्यावर ओरडले, पोरगी योगिता मध्ये बोलली तर तिच्यावर ओरडले. भाजी करपली. दुसऱ्या दिवशी खात्यात ताप आल्याचा निरोप पाठवला आणि मावशीच्या मागे चालायला लागले. खरं बोलायचं की नाही ते माझं तेव्हाही ठरलेलं नव्हतं. 'मला काय माहीत' एवढे तीन शब्द जिभेवर तयार होते, खोटं सांगत नाही.

पांडुरंग मुकादम तपासणीच्या टेबलाशीच उभा होता. त्याने मला खालून वर बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आधीच मावशीला म्हणाला, "आणलीत का शिकवून? तुमच्या गावाकडच्या बाया एकमेकींसाठी खोटं बोलायला पटाईत."

माझं डोकं फिरलं. मावशीसाठी फिरलं की माझ्यासाठी, देव जाणे. जिने खरं सांगून हातातलं काम घालवलं तिलाच हा माणूस खोटारडी ठरवायला निघाला होता. मी म्हटलं, "मुकादम, एक ताका द्या. मावशी, बांध दोरा."

मावशीने बांधला. डाव्या हाताने, उलटी गाठ. मी टेबलाशी गेले, नखाने गाठ सैल केली, दोरा ओढला, किनार दोनदा घासली आणि कापड मुकादमाच्या हातात दिलं. म्हटलं, "सापडतंय का भोक?"

त्याने बोट फिरवलं. कापड उजेडाला धरलं. पुन्हा बोट फिरवलं.

"मी काढले," मी म्हटलं. "सात वर्षं. पिवळ्या चिठ्ठ्या फाडल्या, फर्स्टचा शिक्का मारला, माल आफ्रिकेला गेला. शेठने विचारलं तेव्हा तिच्या तोंडावर नाही म्हटलं. या बाईने कुणाचं काही खाल्लेलं नाही. ज्यांनी खाल्लं ते केबिनमध्ये बसलेत, आणि मी त्यांच्या पॅकिंगला आहे."

टेबलावरच्या सगळ्या बाया बघायला लागल्या होत्या. मुकादम मावशीला म्हणाला, "उद्या आठला या, बाई." मग माझ्याकडे वळला. "आणि तू या फाटकात परत दिसू नकोस. तुझी बोटं मला माझ्या मालाजवळ नकोत." त्याच्याही खात्यात पार्टिशन होतं. त्याचाही माल कुठल्या कुठल्या देशात जातच असेल. पार्टिशनच्या मागे कोण बसलंय ते मी विचारलं नाही, माझं काय तोंड होतं विचारायला?

बमरोली-पांडेसऱ्यात गोष्ट पसरायला दिवसही पुरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनने मला आत सोडलं नाही. माझी कात्री आणि पाण्याची बाटली पिशवीत घालून बाहेर दिली. कात्री खात्याची होती, तरी दिली.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या दुपारी आम्ही दोघी मुकादमाच्या फाटकातून बाहेर आलो, तेव्हा मला वाटलं होतं की मावशी आता पाठीवर हात ठेवील. एवढं केलं मी. ती रस्त्याच्या कडेला थांबली आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "हाई तू केबिनमा काबर नही बोलनी?"

का नाही बोलले याचं कारण म्हणून मी घर, नवरा, पोरगी असं काहीतरी पुटपुटले. तिने ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

नवागामची शेअर रिक्षा आली. मागे दोन जागा रिकाम्या होत्या. एकीवर मावशी बसली आणि दुसरीवर तिने तिची पिशवी ठेवली.